आळसवही

बाळाचा बाप्तिस्मा झाला त्या वर्षीची ही गोष्ट. वर्षाचा पहिला रविवार होता. डोक्यावर पाणी पडताच बाळाने पाळकांचा अंगठा असा पकडला, की सोडवायला दोन माणसं लागली. त्या घरात अजूनही ते वर्ष 'अंगठ्याचं वर्ष' म्हणूनच ओळखतात. बाप्तिस्म्याला आलेले पाहुणे गेले आणि दुसऱ्याच आठवड्यात घरात जांभया शिरल्या.

"दादाची दुसरी!" मुंगी ओरडली.

"खोटं! मी 'आमेन' म्हणत होतो!"

"आमेनला एवढा जबडा उघडावा लागतो?"

"प्रार्थनेत भांडण नको!" आई म्हणाली. "वकील, लिही. दादा, दोन."

वकील म्हणजे घरातली मधली मुलगी. वय वर्षं बारा. कुणी काही सांगितलं, की हिचं सुरू: "पण का? कशावरून? पुरावा काय?" म्हणून पप्पांनी तिचं नाव वकील ठेवलं, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. दादा चौदाचा. त्याचा आवाज फुटत होता, त्यामुळे एका वाक्यात दोन माणसं बोलल्यासारखी वाटायची. मुंगी सात वर्षांची. साखरेचा डबा कुठेही लपवा, ही तिथे हजर. आणि बाळ पाच महिन्यांचं. ते टेबलाशेजारी पाळण्यात असायचं.

टेबल म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल, आणि तीच त्यांची शाळा. ते कुटुंब परदेशात राहत होतं. पप्पा शहरात बस चालवायचे. सकाळी सहाला जायचे ते संध्याकाळी यायचे. आईने आपल्या देशात अकरा वर्षं शाळेत शिकवलं होतं. इथे तिने ठरवलं, मुलांना आपणच शिकवायचं. आपली भाषा, आपली प्रार्थना आणि पाढे, तिन्ही एकाच ताटात वाढायची! तिथल्या सरकारची त्याला परवानगी होती, पण अट होती. शिक्षणखात्याच्या तपासनीस बाई अधूनमधून येऊन बघणार.

प्रार्थनेत किंवा अभ्यासात जांभई दिली, की वकिलीने ती एका वहीत लिहायची. त्या वहीचं नाव आळसवही. दिवसाला तीन जांभया झाल्या, की एक वचन पाठ. दादाची आतापर्यंत बावीस वचनं पाठ झाली होती.

"या चालीने मी उन्हाळ्यापर्यंत पाळक होतो," दादा कण्हत म्हणाला.

"हो का? मग आधी जागा राहा. झोपणाऱ्या पाळकाची मंडळी घोरते!" आई म्हणाली. पण तिला हसू आलं नाही. बोलताना ती दोन बोटांनी कपाळ दाबत होती.

खरं तर आईने आधी काळजीच केली होती. मुलांची डोकी दुखतात, मुंगीला दोनदा उलटी झाली, म्हणून ती सगळ्यांना दवाखान्यात घेऊन गेली होती. पण गंमत अशी, की अर्धा तास चालत दवाखान्यात पोचेपर्यंत तिन्ही मुलं टवटवीत! डॉक्टरांनी जीभ बघितली, छाती बघितली आणि म्हणाले, "घोड्यासारखी आहेत मुलं. अभ्यास नको असेल!" आईला ते लागलं. त्याच संध्याकाळी तिने गमतीने सुरू झालेल्या वहीला पुठ्ठा घातला आणि वचनांची शिक्षा ठरवली.

त्यानंतर तपासनीस बाई आल्या आणि सगळंच बिनसलं. दादा नकाशाच्या पुस्तकावर डोकं टेकून झोपलेला. बाईंनी मुंगीला विचारलं, "सात सक?" मुंगी म्हणाली, "झोपू का?" बाईंनी चष्मा पुसला आणि कागदावर लिहिलं: 'मुलं थकलेली. लक्ष नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी. सुधारणा न दिसल्यास परवानगी रद्द.'

तो कागद आईने टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवला होता. त्या दिवसापासून ती रात्री नीट झोपत नव्हती, हे वकिलीला माहीत होतं. शाळा बंद झाली, तर आई कोण उरणार? या परक्या गावात तिची तेवढीच एक जागा होती. टेबलाच्या त्या टोकाची खुर्ची.

पुढची तपासणी गुरुवारी होती. आज सोमवार.

तेवढ्यात वरून आवाज आला. टण्... टण्... टण्.

"घंटा! नऊ वाजून वीस मिनिटं!" मुंगी म्हणाली. "आजोबा पण उशिरा!"

ही त्यांच्या शाळेची घंटा. वरच्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ एकटे राहायचे. आयुष्यभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवत आलेले. खाली शाळा भरते हे कळल्यावर ते म्हणाले होते, "घंटा नसलेली शाळा ही शाळाच नव्हे!" त्या दिवसापासून ते बरोबर नऊ वाजता पाण्याच्या नळीवर चमच्याने तीन ठोके द्यायचे. मुलं त्यांना 'आजोबा' म्हणायची. तो शब्द त्यांना इतका आवडला, की त्यांनी दारावरच्या पाटीवरही तो लिहून घेतला होता.

पण महिनाभर त्यांचीही घंटा चुकत होती. वकिलीने हसत हसत तेही वहीत मांडलं होतं: 'आजोबा, दहा मिनिटं उशीर.' 'आजोबा, घंटाच नाही. आळस!!' दोन उद्गारचिन्हांसकट.

* * *

अकरा वाजता मधली सुट्टी झाली आणि दारावर धडधड झाली. फिरकी आली! ही तळमजल्यावरच्या लाँड्रीवाल्या मावशींची मुलगी. हिच्या शाळेला आठवडाभराची सुट्टी लागली होती आणि ही एका जागी दोन मिनिटं उभी राहील तर शपथ! तिच्याशी मुलं तिथल्याच भाषेत बोलायची.

"तुम्हाला सुट्टी कधी?" तिने विचारलं.

"आमच्या मुख्याध्यापिकाबाई रविवारीसुद्धा शुद्धलेखन तपासतात," दादा म्हणाला. "सुट्टी विसर!"

तिघं जिन्यात बसली. वकिलीने वही बरोबर आणली होती. जिन्यात थोडा वारा होता. डोकं जरा हलकं झालं, आणि ती पानं उलटू लागली.

"दादा, इकडे बघ. ज्या दिवशी आजोबांची घंटा उशिरा, त्याच दिवशी आपल्या जांभया जास्त."

"मग? आळस संसर्गजन्य असतो. आई म्हणतेच."

"पण आपण वचनं पाठ करतो म्हणून आजोबा कंटाळतात का? त्यांना कुठे पाढे आहेत? दोन घरांत एकाच दिवशी आळस कसा येईल? पुरावा काय?"

"झालं! कोर्ट भरलं!" दादा म्हणाला, पण वहीवर वाकला.

"आणि हे बघ. रविवार. एकही जांभई नाही."

"रविवारी आपण दिवसभर चर्चला असतो. आई म्हणते, देवाच्या दारी जांभई येत नाही, म्हणजे मनावर घेतलं की जमतं."

"पण या रविवारी बर्फामुळे बस बंद होती! आपण घरीच होतो. तरीही शून्य! आणि हा मंगळवार. साधा मंगळवार, भूमितीचा! भूमिती असून शून्य!"

"भूमिती असून?" दादा आता खरंच सावध झाला.

फिरकी कठड्यावरून घसरत खाली आली. "कुठला मंगळवार? दहा तारखेचा? त्या दिवशी आमचा बॉयलर बिघडला होता! आई दिवसभर त्याच्यावर ओरडत होती."

वकिलीने तिच्याकडे बघितलं. "आणि रविवारी लाँड्री बंद असते."

"असतेच की!"

"लाँड्री नवीन वर्षात कधी उघडली?"

"दोन आठवडे दुरुस्तीला बंद होती. मग... तुमच्या बाळाचे पाहुणे गेले ना, त्या सोमवारी उघडली."

वकिलीने पहिलं पान काढलं. पहिली जांभई त्याच सोमवारची होती!

फिरकी हळूच म्हणाली, "माझ्या आईचंही डोकं दुखतं. ती म्हणते, साबणाच्या वासाने."

* * *

फिरकीलाच ती गोष्ट आधी दिसली. बॉयलरचं धुराडं बघायला तिघं रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहिली होती, अंगात गरम कोट, नाकं लाल. सकाळच्या थंडीत त्या रांगेतल्या प्रत्येक इमारतीच्या धुराड्यातून पांढरा धूर निघत होता. एक, दोन, तीन, चार...

"आपलं कुठाय?" फिरकी म्हणाली.

त्यांच्या इमारतीचं धुराडं तिथेच होतं, पण त्यातून धूर येत नव्हता. सुताएवढाही नाही! आणि खाली लाँड्रीत बॉयलर तर धडधडत होता. चादरी वाफेत उकळत होत्या.

"मग धूर जातो कुठे?" दादाचा आवाज वर चढला आणि फुटला.

धुराडं लाँड्रीतून निघून भिंतीतून वर जायचं. दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीतून आणि तिसऱ्यावर आजोबांच्या खोलीतून. पूर्वी तिथे शेगड्या होत्या. आता त्यांच्या धुराच्या भोकांवर नुसता कागद चिकटवलेला होता.

तिघं धावत जुडगेकाकांकडे गेली. हे इमारतीचे रखवालदार. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा, की ते येण्याआधी आवाज यायचा. ते खोलीत बसून कॉफी पीत होते.

"काका, आपल्या धुराड्यातून धूर येत नाही!"

"नाही येत? अरे वा! म्हणजे हवा स्वच्छ!" ते हसले. "पोरांनो, सुट्टीत दुसरे उद्योग नाहीत?"

"पण काका, तुम्ही छपरावर जाऊन बघाल का?"

"दर बुधवारी जातो. तो तक्ता बघा."

भिंतीवर तक्ता होता. 'धुराडे पाहिले.' दर बुधवारी सही, एकाखाली एक, सगळ्या सारख्याच.

"मग एकदा किल्ली द्या, आम्ही..."

"छपराची किल्ली? पोरांना? जा, जा! घरी शाळा घेतात आणि बाहेर दंगा करतात!"

जिना चढताना वकील म्हणाली, "सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच दमात केल्यासारख्या."

"सिद्ध कसं करणार, वकीलसाहेब?"

तिघं मुंगीकडे गेली. मुंगी मैद्याच्या खळीने कागद चिकटवत होती. हस्तकलेचा तास होता ना! तिला 'ळ' काही केल्या जमत नव्हता. पानभर वेडेवाकडे 'ळ' काढून ठेवले होते. वकिलीने त्यातली एक पट्टी फाडली. तिसऱ्या मजल्यावर आजोबांच्या दाराशेजारीच छपराचं दार होतं. दार आणि चौकट यांच्या फटीवर, अगदी खाली, तिने ती पट्टी खळीने चिकटवली. दार उघडलं तर पट्टी फाटणारच!

आजोबांचं दारही तिने वाजवलं. ते भिंतीला धरत धरत आले. खिडकीच्या फटींत त्यांनी कापडाच्या चिंध्या कोंबल्या होत्या, थंडी येऊ नये म्हणून.

"आजोबा, तुमचं डोकं दुखतं?"

"या वयात काय दुखत नाही ते विचार!" ते म्हणाले. "म्हातारपण आलं, पोरी. चमचा जड लागतो."

"खिडकी उघडी ठेवाल?"

"मी आयुष्यभर लोकांच्या खिडक्या बंद केल्या, आणि तू मला उघडायला सांगतेस?" हसता हसता त्यांना धाप लागली. ते खुर्चीत बसले, लगेच उठवेना. वकील खिडकी थोडी उघडून, ब्लँकेट त्यांच्या पायावर टाकून खाली आली.

* * *

त्या संध्याकाळी तिने आईला सांगायचा प्रयत्न केला. आई बाळाला थोपटत होती. आजकाल बाळ फार शांत झोपायचं. सगळे म्हणायचे, किती गुणी!

"आई, तो आळस नाहीये. धूर आहे."

"कसला धूर? मला तर काही वास येत नाही."

"मलाही नाही. पण आळसवहीत बघ..."

"पुरे!" आई एवढ्या जोरात म्हणाली, की मुंगी दचकली. "तीन दिवसांवर तपासणी आली आणि तुला सबबी सुचतात? मी काय सांगू त्या बाईंना? माझी मुलं पेंगतात कारण लाँड्री चालू असते? हसतील मला! म्हणतील, बाईला शिकवता येत नाही आणि दोष भिंतीला देते!"

"पण आई, तुझंही डोकं..."

"माझं डोकं काळजीने दुखतं!" आईचा आवाज कापला. तिने तोंड फिरवलं. "वकील, एकदा तरी वाद घालू नकोस. या एकाच गुरुवारी."

पप्पांना सांगावं, तर ते आले की जेवून खुर्चीतच झोपायचे. आणि त्यांनी विचारलंच असतं, 'आई काय म्हणाली?' आईच्या शब्दाबाहेर जायची त्या घराला सवय नव्हती. म्हणून वकिलीने एवढंच केलं, की कोणी बघत नसताना पाळण्याजवळची खिडकी बोटभर उघडी ठेवली. आईने ती दोनदा बंद केली. तिने तिसऱ्यांदा उघडली.

बुधवारी दुपारी जुडगेकाकांच्या तक्त्यावर नवी सही झाली. फिरकी दोन दोन पायऱ्या गाळत वर आली. "पट्टी?"

'ळ' जिथल्या तिथे होता.

* * *

गुरुवारी पावणेनऊलाच तपासनीस बाई आल्या. टेबल पुसून लख्ख. मुंगीची वेणी इतकी घट्ट, की भुवया वर गेलेल्या. दादाने तोंडावर तीनदा थंड पाणी मारलं होतं. आईने प्रार्थना म्हटली आणि कुणी जांभई दिली नाही. दादाने ती गिळली, डोळ्यांत पाणी आलं.

"पाढे," बाई म्हणाल्या.

मुंगी उभी राहिली. "सात एके सात, सात दुणे चौदा..."

वकिलीचं लक्ष घड्याळाकडे होतं. नऊ वाजले. नऊ पाच. नऊ दहा. नऊ वीस.

"आई," ती आपल्या भाषेत हळूच म्हणाली, "घंटा झाली नाही."

"बस खाली."

"काल फक्त एकच ठोका होता. आज काहीच नाही."

"वकील. खाली बस." आई हसऱ्या चेहऱ्याने बोलत होती, पण टेबलाखालून तिने वकिलीचा हात खाली ओढला.

वकिलीने भिंतीवरचा कागद बघितला. 'परवानगी रद्द.' मग तिने पाळण्यात बघितलं. बाळ झोपलं होतं. एवढ्या पाढ्यांच्या आवाजात!

ती उठली. खिडकी पूर्ण उघडली. थंड वारा आत घुसला आणि टेबलावरचे कागद उडाले.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"बाई, मला एक प्रश्न विचारायचाय," वकील तिथल्या भाषेत म्हणाली. "मागच्या वेळी तुम्ही इथून गेलात, तेव्हा तुमचं डोकं दुखलं होतं का?"

आईने डोळे मिटून घेतले. बाईंचं पेन हवेतच राहिलं.

"दुखलं होतं," त्या सावकाश म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत. पण तुला कसं..."

"आणि आता?"

बाईंनी कपाळाला हात लावला.

वकिलीने आळसवही त्यांच्यापुढे उघडली आणि एका दमात सगळं सांगितलं. लाँड्री उघडली तो सोमवार. बॉयलर बिघडला तो मंगळवार. बर्फाचा रविवार. धूर नसलेलं धुराडं. "आणि वरचे आजोबा रोज घंटा वाजवतात. आज वाजली नाही! मी त्यांच्या नावापुढे आळस लिहिलंय, बाई, पण तो आळस नाहीये!"

बाई अशा उठल्या, की खुर्ची मागे पडली. "बाळाला बाहेर न्या. सगळे बाहेर. आत्ता!" मग आईकडे वळून म्हणाल्या, "कोट घालत बसू नका!"

दादाने पाळण्यातून बाळाला उचललं. आईने मुंगीला ओढलं. जिन्यातून दादा ओरडत गेला, "फिरकी! बॉयलर बंद करा! बॉयलर!" आणि त्या दिवशी त्याचा आवाज फुटला नाही. सगळ्या इमारतीला ऐकू गेला.

बाई आणि वकील वर धावल्या. दार ठोठावलं. उत्तर नाही. जुडग्याचा आवाज करत काका आले.

"म्हातारा माणूस, झोपला असेल! मालकाला विचारल्याशिवाय दार उघडायचा नियम नाही."

"मी सरकारी अधिकारी आहे आणि मी सांगते, उघडा!"

काकांना किल्ली सापडेना. ही नाही, ती नाही... शेवटी वकिलीनेच जुडगा ओढून घेतला. तिसऱ्या मजल्याच्या किल्लीला निळा दोरा आहे, हे काकांपेक्षा तिला जास्त माहीत होतं!

आजोबा खुर्चीत होते. गाल गुलाबी, जसे काही उन्हात बसलेत. हातातला चमचा जमिनीवर पडलेला. खिडकीच्या फटीत चिंध्या पुन्हा कोंबलेल्या.

बाईंनी खिडकी उघडली. दोघींनी मिळून आजोबांना खुर्चीसकट जिन्याच्या उघड्या झरोक्यापर्यंत ओढत आणलं. त्यांचा श्वास चालू होता. अगदी बारीक.

* * *

अग्निशमन दलाची गाडी दहा मिनिटांत आली. त्यांच्या प्रमुखांच्या हातात एक लहानसं यंत्र होतं. स्वयंपाकघरात नेताच ते किंचाळू लागलं.

"विषारी वायू," प्रमुख म्हणाले. "याला वास नसतो, रंग नसतो. धुराडं तुंबलं की घरात पसरतो. माणसाला झोप येते, आणि मग झोपच राहते. छपरावर शेवटचं कोण गेलं होतं?"

"मी! कालच!" जुडगेकाका छाती पुढे काढून म्हणाले. "धुराडं स्वच्छ होतं. तक्त्यावर सही आहे."

"मग हे कसं?" वकील छपराच्या दाराशी वाकली. "ही पट्टी मी सोमवारी चिकटवली. दार उघडलं असतं तर फाटली असती."

"ती... ती मीच फाडली. आणि नवीन चिकटवली!"

"अस्सं! मग यावरचं अक्षर पुन्हा काढून दाखवा." फिरकीने लगेच पेन पुढे केलं.

काकांनी पट्टीकडे बघितलं. उलटी करून बघितली. "हे... हे आठ आहे ना? आडवा पडलेला?"

"हा 'ळ' आहे!" मुंगी खालच्या पायरीवरून ओरडली. "आणि तो मलाच येत नाही, तर तुम्हाला कुठून येणार?"

एक जवान छपरावर जाऊन आला. त्याच्या हातात मोठी फळी होती. धुराड्याच्या तोंडावर ती ठेवून वर दोन विटा ठेवल्या होत्या. जुडगेकाका पायरीवर मटकन खाली बसले. "लाँड्री बंद होती तेव्हा ठेवली... कबुतरं आत जायची, बर्फ पडायचा... काढणार होतो. उघडायच्या आदल्या दिवशी काढणार होतो." त्यांनी हातात डोकं धरलं. लाँड्रीवाल्या मावशी दाराशी उभ्या होत्या. फिरकी त्यांना बिलगली.

सगळ्यांना इस्पितळात नेलं. नाकाला प्राणवायूच्या नळ्या लावल्या. बाळ तासाभराने जे रडायला लागलं, ते थांबेच ना, आणि आई म्हणाली, "रड, माझ्या राजा, रड! सगळं इस्पितळ डोक्यावर घे!" पप्पा बसचा गणवेश घातलेलेच धावत आले. त्यांनी एकेकाला मोजलं, मग पुन्हा मोजलं.

अग्निशमन दलाच्या प्रमुखांनी तिन्ही मुलांशी आणि फिरकीशी मोठ्या माणसांसारखा हात मिळवला. "आणखी दोन दिवस गेले असते, तर आज आम्ही फार वाईट कामाला आलो असतो," ते पप्पांना म्हणाले. तपासनीस बाई संध्याकाळी नवा कागद घेऊन आल्या. त्यावर लिहिलं होतं: 'परवानगी कायम. मुलं निरीक्षण करतात, नोंदी ठेवतात, नोंदींवरून विचार करतात आणि प्रसंगी मोठ्यांचं ऐकत नाहीत. आईने उत्तम शिकवलं आहे.'

आईने तो वाचला आणि घडी घालून बाजूला ठेवला.

"हे खोटं आहे," ती वकिलीला म्हणाली. "तू मला सांगायला आलीस. मी तुला गप्प बसवलं. आजारपणाला आळस म्हटलं आणि वर शिक्षा म्हणून देवाची वचनं दिली. मला माफ कर, पोरी."

"मी आजोबांपुढेही आळस लिहिलं," वकील म्हणाली. "महिनाभर. हसून. पहिल्याच दिवशी वर जाऊन बघितलं असतं तर..."

"मी शिकवलं तेच तू लिहिलंस," आई म्हणाली, आणि तिला जवळ घेतलं.

पाचव्या दिवशी मुलांना आजोबांना भेटू दिलं. ते उशीला टेकून बसले होते, आवाज अगदी खोल गेलेला.

"मला वाटलं, म्हातारपण आलं," ते म्हणाले. "तर ते धुराडं होतं म्हणे! म्हणजे म्हातारपण अजून लांब आहे!"

सगळे हसले. परिचारिकासुद्धा हसली. वकिलीने त्यांची माफी मागितली आणि वहीत काय लिहिलं होतं तेही सांगितलं. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. "दोन उद्गारचिन्हं?" ते म्हणाले. "एक पुरे होतं." आणि त्यांनी तिचा हात थोपटला.

त्यांचं हृदय त्या वायूने फार थकलं होतं. वरचे आजोबा त्याच वर्षी फेब्रुवारीच्या सव्वीस तारखेला, गुरुवारी, सकाळी सव्वाआठ वाजता इस्पितळात वारले. ते एक्याऐंशी वर्षांचे होते.